आगोटीच्या सामानात यंदा पुस्तकं : अभिजात साहित्य वाचायचा संकल्प

सुरंगी_गुहागर | १७ मे, रात्री ९:४०

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची धांदल. सोडे, सुके बोंबील डब्यात, कुळीथ-पापड माळ्यावर, सरपण पडवीत. यंदा त्या यादीत मी पुस्तकंही घातली आहेत. मृग लागल्यापासून गणपती येईपर्यंत पतसंस्थेतून घरी आलं की पुन्हा बाहेर पडायचं नाव नसतं. वीज असते-नसते, टीव्हीची डिश पहिल्या सरीतच मान टाकते. तेव्हा हा काळ जुन्या, दांडग्या, 'कधीतरी वाचायचंय' म्हणून राहिलेल्या पुस्तकांना द्यायचा असं ठरवलंय.

वर्षाला पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं असला आकडा मला नकोय. आमच्या वाचनगटात जानेवारीत सगळे मोठमोठे आकडे जाहीर करतात आणि नोव्हेंबर उजाडला की ऐंशी पानी पुस्तकांवर तुटून पडतात. आकडाच गाठायचा तर दोन खंडांची कादंबरी हातात घेणं हा सरळ तोट्याचा व्यवहार!

माझे नियम दोनच. पुस्तक किमान पन्नास वर्षं जुनं हवं आणि त्यात एक तरी अनुवाद हवा. डोक्यात आहेत ती ही : हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो', खानोलकरांची 'कोंडुरा', पेंडशांची 'तुंबाडचे खोत' आणि टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' मराठीतून. हे सगळं तीन महिन्यांत होणार नाही हे मलाही कळतं. म्हणूनच विचारतेय, सुरुवात कशाने करू? आणि जुनी मराठी वाचताना तुम्ही कुठे अडखळता?

कातळसडा | १७ मे, रात्री १०:१५

पन्नास वर्षांची अट आणि 'तुंबाडचे खोत'? ती १९८७ सालची आहे ताई. नियमात बसवायची तर अजून दहाएक वर्षं थांबावं लागेल.

सुरंगी_गुहागर | १७ मे, रात्री १०:२२

कोकणात खोताला नियम कधी लागू झाले होते? सवलत दिली आहे.

कातळसडा | १७ मे, रात्री १०:५०

हा हा, मान्य.

पण गंभीरपणे सांगायचं तर वय हा निकष मला पटत नाही. जुनं ते सगळं टिकाऊ नसतं. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, आमच्या जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे, 'ययाति'मुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं (१९७४). तरीही आज ती सुभाषितवजा वाक्यं वाचताना माझा धीर सुटतो. देवयानी बोलो की शर्मिष्ठा, सगळ्यांच्या तोंडी एकाच माणसाची भाषा! उलट केशवसुत १९०५ साली गेले, त्यांची कविता आजही अंगावर येते. मालगुंडला त्यांचं स्मारक बघायला लोक गणपतीपुळ्याहून जाता-जाता थांबतात, फोटो काढतात; त्यातले किती जण घरी येऊन कविता उघडतात कोण जाणे.

माझं म्हणणं, यादी नावाच्या वजनावर करू नका. पहिली वीस पानं वाचा. नाही धरलं तर ठेवून द्या, पाप लागत नाही.

आजी_वाचते | १८ मे, सकाळी ६:३०

'ययाति'ला असं बोलू नये. आमच्या पिढीने ती रडत वाचलीय. तुमचा धीर सुटतो हा दोष पुस्तकाचा नव्हे.

खाडीपट्टा_खेड | १८ मे, सकाळी ८:०५

खोतांपासून सुरुवात करू नका, हे मी खेडचा असून सांगतो. जगबुडी नदी आमच्या दारातली, त्यामुळे कादंबरीतली खाडी, भरती-ओहोटी, गलबतं सगळं ओळखीचं. पण दोन जाडजूड खंड आणि खोतांच्या चार पिढ्या आहेत. कोण कोणाचा पुतण्या आणि कोण कोणाचा चुलता हे धरून ठेवता ठेवता नवा वाचक पहिल्या शंभर पानांतच दमतो.

आधी 'गारंबीचा बापू' घ्या. १९५२ची, बेताच्या आकाराची. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, त्यामुळे पोफळीच्या बागा, पाटाचं पाणी, भावकीतली भांडणं यात कुठेही पर्यटकाची नजर नाही. बापू आणि राधा जमली की 'रथचक्र' (१९६२). एका बाईने मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडून बाहेर पडायचं, एवढ्या एका गोष्टीवर पेंडशांनी काय उभं केलंय! मला विचाराल तर ती खोतांपेक्षा सरस आहे. तिला साहित्य अकादमी मिळालं म्हणून म्हणत नाही. त्यात पसारा नाही, एवढंच.

खोत घेतलेच तर पहिल्या पानापासून वंशावळ लिहीत जा, वेगळ्या कागदावर. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कृपया त्याच्या मागच्या पानावर नको. आमच्या वाचनालयातल्या प्रतीवर कोणीतरी पेनाने लिहिली आहे आणि तीही चुकीची.

गजालीवालो_वेंगुर्ला | १८ मे, दुपारी १:२०

सुरंगी बाय, माझा आयकशात तर दळवींपासून सुरू करा. 'सारे प्रवासी घडीचे' एकदा हातात घेतलास की मध्ये सोडूक येवचा नाय. आरवलीकडची माणसा जशीच्या तशी उतरवल्यानी हत. माझी आवस शाळेत गेली नाय. तिका मी रात्री वाचून दाखवय, आणि ती हसता हसता 'ह्यो तर आमचो अमको' म्हणान गावातल्या माणसांची नावां घेय. बाकीचा मराठीत लिवतंय, नायतर ॲडमिन माका भायर काढतलो.

तर खानोलकर. ते वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतले, जन्म १९३०चा. कुडाळला खानावळ चालवायचे, आरती प्रभू या नावाने कविता लिहायचे. 'कोंडुरा' १९६६ची. वेंगुर्ले तालुक्यातल्या कोंडुऱ्याच्या किनाऱ्यावर एकदा भर पावसात जाऊन उभे राहा. खडकाच्या कपारीत लाट शिरते तेव्हा जो आवाज येतो तो ऐकल्यावर त्या कादंबरीतलं भय कुठून आलं ते समजतं. श्याम बेनेगलांनी तिच्यावर चित्रपट केला, पण आधी तो बघू नका. चित्रपटात दिसणारं सगळं स्पष्ट असतं. खानोलकरांकडे दैवी काय आणि मनाचे खेळ काय हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि ते तसंच राहायला हवं.

मात्र रात्री एकटीने वाचू नका. विनोद नाही करत.

हर्णैचा_तांडेल | १८ मे, रात्री ११:१०

पहिल्यांदाच लिहितोय इथे, सांभाळून घ्या.

आमचा वाचनाचा हंगाम सरकार ठरवतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या, जाळी शिवायला घेतली की दुपारी वेळच वेळ. धंदा चालू असताना वाचन जमत नाही, हाताला कायम पाणी, डिझेल नाही तर खवले. त्यामुळे वर्षभराचं त्या दोन महिन्यांतच.

अनुवाद वाचायचा म्हणताय तर टॉलस्टॉयच्या आधी 'एका कोळियाने' वाचा. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु.लं.नी केलेला अनुवाद. लहान आहे, दोन दुपारी पुरे. पु.लं.चं नाव बघून हसवेल म्हणून घेऊ नका.

मी ते चुका काढायच्या इराद्याने उघडलं होतं. समुद्रावरची गोष्ट जमिनीवरचा माणूस लिहितो तेव्हा वारा एकीकडून आणि शीड दुसरीकडे असं हमखास होतं. इथे तसं नाही. चौऱ्याऐंशी दिवस मासा न लागलेला म्हातारा, गळाला मार्लिन लागतो आणि होडी ओढत नेतो. तो दोर हातात धरून ठेवत नाही, पाठीवरून खांद्यावर घेतो आणि खाली गोणपाट घालतो, म्हणजे कापणार नाही. डाव्या हाताला वांब येतो तेव्हा तो त्या हातालाच शिव्या घालतो. ताकद यावी म्हणून कुपा (ट्यूना मासा) कच्चाच चावून चावून खातो आणि मनात म्हणतो, मीठ किंवा लिंबू असतं तर बरं झालं असतं. माझे आजोबा गरीवर घोळ मासा धरायचे. त्यांच्या तळहातावर दोराची आडवी खाच होती, त्यात बोट बसायचं. पुस्तकात म्हाताऱ्याच्या हातावरच्या जुन्या वणांचं वर्णन आलं तिथे मी थांबलो. ज्याने हे लिहिलं त्याने असे हात जवळून पाहिलेले आहेत.

एक तेवढं खटकलं. म्हातारा सारखा स्वतःशी मोठ्याने बोलतो. एकटा माणूस समुद्रात बोलतो हे खरं आहे, पण इतकं शहाण्यासारखं कोणी बोलत नाही. आम्ही मालकाला शिव्या घालतो.

कातळसडा | १८ मे, रात्री ११:४५

तांडेलभाऊ, दंडवत. परीक्षण असं असावं.

चाकरमानी_डोंबिवली | १९ मे, सकाळी ९:१५

लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दोन खंड कसे वाचायचे? मी ऐकतो. ऑडिओबुक चालेल का या संकल्पात?

आजी_वाचते | १९ मे, सकाळी ९:४०

ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.

गजालीवालो_वेंगुर्ला | १९ मे, सकाळी १०:०५

मग माझ्या आवशीन दळवी वाचल्यानच नाय म्हणा!

आजी_वाचते | १९ मे, सकाळी १०:३०

बरं बाबा. चालेल.

जुना_ग्रंथपाल | १९ मे, सायंकाळी ५:५०

तालुक्याच्या एका वाचनालयात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबवतो.

सुरंगीताई, तुम्ही आकडा टाकलात हे चांगलं केलंत. पण आकड्याच्या जागी काहीतरी धरायला लागतं, नाही तर संकल्प श्रावण लागायच्या आत वाहून जातो. मी लोकांना हप्ता धरायला सांगायचो. त्याला कारण आहे. 'पण लक्षात कोण घेतो' ही मुळात आजच्यासारखी सलग पुस्तक म्हणून आलीच नाही. हरिभाऊंनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ती कादंबरी काही वर्षं क्रमशः येत होती. वाचकाला एका आठवड्याला जेवढं मिळालं तेवढं वाचायचं, आठवडाभर त्यावर घरात बोलायचं आणि पुढच्या अंकाची वाट बघायची. आज आपण ती तीन रात्रींत संपवायला बसतो आणि मग म्हणतो की पाल्हाळ फार आहे. पाल्हाळ नव्हे तो. आठवड्याने परत आलेल्या वाचकाला मागचं आठवावं म्हणून लेखक दोन गोष्टी पुन्हा सांगतो.

रशियनांचंही तेच. दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' १८६६ साली मासिकातून आली, टॉलस्टॉयची 'ॲना करेनिना' १८७५ ते १८७७ अशी रेंगाळत आली. 'वॉर अँड पीस'मध्ये तर ३६१ प्रकरणं आहेत, बहुतेक छोटी. रोज एक वाचलंत तर वर्ष भरतं. ती पावसाळ्याच्या यादीत कोंबू नका, या मृगाला सुरू करून पुढच्या मृगापर्यंत चालू द्या. बाकीची पुस्तकं तिच्या शेजारून जातील. अनुवाद घेताना एक बघा, तो संपूर्ण आहे की संक्षिप्त. मराठीत मोठ्या कादंबऱ्यांचे संक्षेप पुष्कळ आहेत आणि मुखपृष्ठावर ते दर वेळी ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. प्रस्तावना उघडून बघावी.

पुस्तकं कुठून मिळवायची हेही सांगतो. आपल्या किनाऱ्याला वाचनालयांची ददात नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. २००५च्या आणि २०२१च्या पुरात तिथे पाणी शिरलं, पुस्तकं गेली, तरी ते पुन्हा उभं आहे. जुन्या वाचनालयात जुनी कादंबरी मागताना टेबलावरच्या संगणकाच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच जुन्या प्रतींची नोंद अजून फक्त दाखल वहीत असते. कर्मचाऱ्याला गोडीत विचारा, आतल्या खोलीत बघा म्हणावं. दहा वर्षांत कोणी न नेलेलं पुस्तक कोणी मागितलं की त्यालाही बरं वाटतं.

आणि विकत घ्यायचं नसेल तर, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. हरिभाऊ १९१९मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६मध्ये, साने गुरुजी १९५०मध्ये. यांचं साहित्य मोबाइलवर उतरवून वाचलंत तर ती चोरी होत नाही. पेंडसे, खानोलकर, दळवी यांचं तसं नाही. त्यांच्या पीडीएफ गटावर फिरतात, त्या कृपया पुढे ढकलू नका.

खाडीपट्टा_खेड | १९ मे, सायंकाळी ६:२०

काका, प्रतिसादच वाचनखुणेत साठवला.

सावंतवाडी_एसवाय | १९ मे, रात्री ८:४५

मी कॉलेजला आहे. मला हरिभाऊ जमले नाहीत, खरं सांगते. यमू स्वतःच सगळं सांगते ते आवडलं, पण वाक्य सुरू होतं तेव्हा ती माहेरी असते आणि संपेपर्यंत सासरी पोचते.

मग आमच्या मॅडमनी 'स्मृतिचित्रे' दिली. पहिला भाग १९३४चा. मला वाटलं होतं जुन्या बायकांचं रडगाणं असेल. पण लक्ष्मीबाई टिळक स्वतःच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दल इतक्या गमतीने लिहितात की हॉस्टेलवर वाचताना मी फिसकन हसले आणि पुढच्याच पानावर पोटात तुटलं, कारण त्या वेडापायी घरातल्या बाईचे हाल काय झाले तेही त्या त्याच सुरात सांगतात. भाषा अगदी बोलल्यासारखी. आमच्या वयाच्या मुलांनी यापासूनच सुरुवात करावी. लोक आम्हाला एकदम ज्ञानेश्वरी हातात देतात आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून भाषण करतात.

जुना_ग्रंथपाल | १९ मे, रात्री ९:१०

मुली, शंभर टक्के बरोबर. आता हरिभाऊ पुन्हा उघड, पण मोठ्याने वाच. ती लांब वाक्यं कानाला सरळ लागतात.

कौलारू | २० मे, सकाळी ७:३०

अवांतर : सगळे काय वाचायचं ते सांगताय, पण पावसात पुस्तकं टिकवायची कशी? आमच्याकडे जुलैत पानांना बुरशीचा वास येतो आणि बांधणीत कसर शिरते.

खाडीपट्टा_खेड | २० मे, सकाळी ८:१०

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, चिऱ्याची भिंत ओल सोडते. डांबरगोळ्या ठेवा, पण पुस्तकाला चिकटून नको, डाग पडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवाल तर ओल आतच राहते आणि बुरशी दुप्पट. उघडीप मिळाली की सावलीत, वाऱ्यावर उभी करून पानं मोकळी करा. कडक उन्हात नको, पाठ तडकते. वाळवी लागली असेल तर आधी कपाटाच्या मागे बघा, पुस्तकं काढून साफ करत बसू नका.

सुरंगी_गुहागर | २० मे, रात्री १०:००

सगळ्यांची आभारी आहे. ठरलं ते असं. सुरुवात 'स्मृतिचित्रे', मग 'गारंबीचा बापू', मग दिवसाउजेडी 'कोंडुरा'. तांडेलभाऊंचा म्हातारा जूनमध्येच. हरिभाऊ हप्त्याने, दर शनिवारी. कोणाला सोबत करायची असेल तर शनिवारी रात्री याच धाग्यावर दोन ओळी टाका. टॉलस्टॉय रोज एक प्रकरण, बघू कुठवर जातो. खोत पुढच्या वर्षी.

कातळसडा, तुमचा वीस पानांचा नियम मी घेत नाही. 'पण लक्षात कोण घेतो'च्या वीस पानांत अजून नीट काही सुरूच होत नाही. पन्नास पानं देईन.

कातळसडा | २० मे, रात्री १०:३०

पन्नास तर पन्नास. शनिवारचं मला जमेल. एक भर घाला : शेक्सपिअरच्या नाटकाचा विंदा करंदीकरांनी केलेला अनुवाद, 'राजा लिअर'. विंदा आमच्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, म्हणून वशिला लावतोय. नाटक मोठ्याने वाचायला दोन-तीन जण लागतील. तुमच्याकडे गणपतीत घर भरलेलं असतंच, आरती झाल्यावर बसवा सगळ्यांना. वाटणीवरून भांडणारे वारस शोधायला लांब जावं लागणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली | २१ मे, सकाळी ८:५०

लिअर मी करणार. गाडीचं तिकीट कन्फर्म झालं तर.

हर्णैचा_तांडेल | १२ जुलै, दुपारी ३:४०

जाळ्यांचं काम संपत आलंय. खाडीपट्टावाल्यांचं ऐकून 'रथचक्र' वाचलं, मग त्यांचं न ऐकता 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड काढला. तोही झाला. आमच्या वाचनालयात दुसरा खंड कोणीतरी नेऊन बसलंय, मार्चपासून परत केलेला नाही. ऑगस्टला होड्या पाण्यात जाणार, त्याच्या आत हवा आहे. दापोली-खेडकडे कोणाकडे आहे का? एसटीच्या पार्सलने पाठवलात तरी चालेल, खर्च माझा.

खाडीपट्टा_खेड | १२ जुलै, सायंकाळी ४:१५

आहे माझ्याकडे. उद्या दापोलीला येतोय, बसस्टँडवर देतो. वंशावळीचा कागद आत ठेवलाय, तेवढा हरवू नका.

हर्णैचा_तांडेल | १२ जुलै, सायंकाळी ४:२०

येताना पिशवी रिकामी आणा. सोडे देतो.